धूर नंतर, आधी वारा सरळ कर

भावा, घरच्या वाऱ्याच्या बोगद्यात (पंख्यानं वारा खेळवायचं दोन्हीकडनं उघडं लांब खोकं) धूर करायला ग्लिसरीन, ते तापवायला नायक्रोमची तार हे सगळं सध्या राहू दे. खेळण्यातल्या गाडीवर हवा कशी वळते ते बघायला एक उदबत्ती पुरते. नवी पोरं धुराच्या मागं लागतात, घोळ असतो वाऱ्यात.

- पंखा गाडीच्या मागं लाव, हवा ओढणारा. समोरून फुंकलास की पात्यांचा पीळ धुरात उतरतो.
- बोगद्याच्या तोंडाशी रसवंतीवरच्या स्ट्रॉ चिकटवून जाळी कर.
- बघतोस त्याच्या पलीकडच्या भिंतीला काळा कागद, उजेड बाजूनं.

धूर वर चढला तर वारा कमी पडतोय. मागच्या काचेपाशी गरगरला तर बिघाड समजू नको, तेच तर बघायचंय! डिझेल, जुनं ऑइल मात्र जाळायचं नाही. आपल्याकडच्या पत्र्याच्या खोलीत दार लावून तर मुळीच नाही.