वाचकांचे प्रश्न : बेस गिटारचे वय, ज्वारी आणि पुराचे पाणी

प्रश्न : कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत पूर्वी वाद्यवृंदात वाजवणारे एक ज्येष्ठ कलावंत राहतात. त्यांच्याकडे फेंडर कंपनीची प्रिसिजन बेस गिटार आहे. ती १९६४ सालची असल्याचे त्यांचे चिरंजीव सांगतात. नेकच्या (दांडीच्या) मागे जी धातूची पट्टी असते तिच्यावर ‘एल’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक आहे आणि तोच ते पुरावा म्हणून दाखवतात. किंमत साडेचार लाख रुपये सांगितली आहे. त्यांच्या परवानगीने पिकगार्ड (बॉडीवरचे पातळ झाकण) उघडून काढलेले फोटो सोबत पाठवत आहे. ही गिटार घ्यावी का? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : पिकगार्ड उघडून फोटो काढण्याचे सुचले, याबद्दल प्रथम आपले अभिनंदन, कारण उत्तर त्याच फोटोत आहे. ‘एल’ने सुरू होणारे क्रमांक फेंडरने साधारण १९६२ अखेरपासून १९६५ पर्यंत वापरले, हे खरे आहे. परंतु ती पट्टी केवळ चार स्क्रूंनी बसवलेली असते आणि पाच मिनिटांत एका गिटारवरून दुसऱ्या गिटारवर जाऊ शकते, त्यामुळे पट्टीवरचा क्रमांक हा पट्टीचा पुरावा असतो, गिटारचा नव्हे.

आता आवाजाच्या बटणाखालच्या पॉटकडे, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाकडे पाहा. आपल्या फोटोत त्याच्या पाठीवर १३७७३१६ असे आकडे कोरलेले स्पष्ट दिसतात. यातील १३७ हा सीटीएस या पॉट बनवणाऱ्या कंपनीचा संकेतांक आहे, पुढचे ७३ म्हणजे १९७३ साल आणि शेवटचे १६ म्हणजे त्या वर्षाचा सोळावा आठवडा. हे पॉट १९७३ च्या एप्रिल महिन्यात तयार झाले. पॉट नंतर बदललेले असू शकते, म्हणून मी आपला फोटो मोठा करून सोल्डरचे जोड तपासले. ते सर्व एकसारखे मळकट आहेत, कापडी वेष्टणाच्या तारा कुठेही पुन्हा कापून जोडलेल्या दिसत नाहीत आणि दोन्ही पॉटवर एकाच वर्षाचे आकडे आहेत. पॉटचे साल गिटारचे नेमके साल सांगत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा एवढा मोठा साठा घेतला होता की तो पुढे दोन-तीन वर्षे पुरला. मात्र मूळ पॉट १९७३ चे असेल तर गिटार त्याआधीची असणे शक्य नाही.

आणखी एक खूण आपल्याच फोटोत आहे. गळ्यात अडकवायच्या पट्ट्याच्या बटणाजवळ रंगाचा टवका उडाला आहे आणि त्याची कड काचेच्या कपच्यासारखी जाड व उभी आहे. हे पॉलिएस्टरच्या रंगाचे लक्षण आहे. १९६४ चे नायट्रोसेल्युलोज लॅकर पातळ असते, काळानुसार पिवळसर होते आणि त्याला केसासारख्या बारीक भेगा जातात, पण त्याचे असे जाड टवके निघत नाहीत. रंग ओळखण्यासाठी कोणी ॲसिटोनचा बोळा लावायला सांगितले तर ते कदापि ऐकू नये, कारण खरे जुने लॅकर त्याने त्याच क्षणी विरघळेल.

खात्री करायचीच असेल तर तारा सैल करून नेकचे चार स्क्रू काढावेत आणि नेकचे बॉडीत बसणारे टोक पाहावे. १९६४ च्या नेकवर महिना, वर्ष आणि नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीच्या) रुंदीचे अक्षर असा शाईचा शिक्का असतो. १९७३ च्या सुमारास त्याच जागी आकड्यांची लांब ओळ असते किंवा शिक्काच नसतो. त्याशिवाय १९६५ च्या अखेरीपासून कारखान्यातून येणाऱ्या पट्टीवर मोठे ‘एफ’ अक्षर उमटवलेले असे. या गिटारला मूळची तशीच पट्टी असणार आणि ती कधीतरी बदलली गेली असावी.

येथे एक अनुभव सांगतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी मुंबईत एका विक्रेत्याकडून मी अशीच केवळ पट्टीवरचा क्रमांक पाहून जुनी बेस गिटार घेतली. दुकानात ती उघडून दाखवा असे म्हणण्याचा मला संकोच वाटला. कोल्हापुरात आल्यावर रात्री टेबलावर कापड पसरून पिकगार्ड काढले, तेव्हा पॉटवरचे साल पट्टीच्या सालापेक्षा अकरा वर्षांनी पुढचे निघाले. ते नुकसान भरून काढायला मला तीन गणेशोत्सवांचे कार्यक्रम करावे लागले. तेव्हापासून जी गिटार उघडू दिली जात नाही ती मी विकत घेत नाही आणि इतरांनाही तेच सांगतो.

तथापि, लक्ष्मीपुरीतील त्या कुटुंबाने आपली फसवणूक केली असे समजू नये. दुरुस्तीच्या वेळी पट्टी अदलाबदल होणे पूर्वी सर्रास घडत असे आणि घरच्यांना ते ठाऊक नसणे स्वाभाविक आहे. १९७३ ची मूळ भागांची अमेरिकन प्रिसिजन हेही उत्तम आणि मौल्यवान वाद्य आहे, फक्त तिची किंमत १९६४ च्या गिटारच्या किमतीशी बांधता येणार नाही. पॉटचा फोटो त्या ज्येष्ठ कलावंतांसमोर ठेवून त्यांना आदराने सर्व समजावून सांगावे आणि मगच किमतीचा विषय काढावा. गिटारचा फ्रेटबोर्ड (नेकवरची बोटे ठेवायची फळी) शिसवीचा आहे, तो बहुधा आपल्याकडच्याच शिसवीचा असणार. फेंडरने १९६६ च्या सुमारास ब्राझीलची शिसवी सोडून भारतीय शिसवी वापरायला सुरुवात केली होती. याचा एक व्यावहारिक लाभही आहे. ब्राझीलची शिसवी १९९२ पासून आंतरराष्ट्रीय संरक्षणाच्या सर्वांत कडक यादीत आहे आणि तिचे वाद्य देशाबाहेर न्यायचे तर परवान्याची कागदपत्रे लागतात. भारतीय शिसवीच्या तयार वाद्यांना २०१९ पासून त्या कागदपत्रांतून सूट मिळाली आहे.

प्रश्न : मंडळाच्या कार्यक्रमात गिटारच्या ॲम्प्लिफायरमधून बेस वाजवली, तर स्पीकरचा कागद फाटला. चूक कोणाची? (एक वाचक, कसबा बावडा)

उत्तर : गिटारच्या स्पीकरकडून बेसचे काम घेतले गेले, एवढेच त्याचे कारण आहे. गिटारची सर्वांत खालची तार सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते, तर बेसची ४१ हर्ट्झवर. स्वर एक सप्तक खाली गेला की तेवढाच मोठा आवाज काढण्यासाठी स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर पुढे-मागे व्हावे लागते आणि गिटारचा स्पीकर त्यासाठी बनवलेला नसतो. पुढच्या वेळी एक डीआय बॉक्स (वाद्याचा संकेत मिक्सरला जुळवून देणारी छोटी पेटी) घ्यावा आणि त्यातून बेस थेट मिक्सरला जोडावी. मांडवातील विजेच्या जोडणीला अर्थिंग आहे की नाही, हे मात्र वायरमनला समक्ष विचारूनच तारांना हात लावावा.

प्रश्न : माझ्या बेसच्या ई तारेवर पाचव्या फ्रेटला (पडद्याला) दाबले की सतारीची ज्वारी लागल्यासारखा झणझणाट होतो. इतरत्र स्वर स्वच्छ आहे. मित्र म्हणतो, मिरजेला सतारमेकरांकडे न्यावी. (एक वाचक, शाहूपुरी)

उत्तर : आपण ज्वारी हा शब्द वापरला, तो अगदी नेमका आहे, आणि त्यातच या प्रश्नाचे स्पष्टीकरण आहे. सतारीच्या घोडीचा माथा रुंद आणि किंचित उतरता असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर हळूहळू टेकत व सुटत राहते आणि त्यातून वरचे स्वरांश उमलतात. मिरजेत एका कारागिराच्या दुकानात मी एक संपूर्ण सकाळ बसलो होतो. ते कानस घेऊन घोडीवर दोनच हात फिरवत, घोडी परत बसवत, तार छेडत, डोळे मिटून ऐकत, पुन्हा घोडी काढत, आणि हे अकरा वाजेपर्यंत चालू होते. शेवटी तानपुऱ्याचा षड्ज असा उघडला की रस्त्यावरून जाणारा एक गृहस्थ दाराशी थांबून आत पाहू लागला. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते या हातांचे मानांकन आहे असे मी मानतो.

बेसमध्ये मात्र याच्या नेमके उलट हवे असते. तारेने फ्रेटच्या माथ्यावरून एका रेषेत सुटावे आणि पुढे कोठेही टेकू नये. केवळ पाचव्या फ्रेटवर झणझणाट होतो, याचा अर्थ बहुधा सहावा फ्रेट खाचेतून किंचित वर आला आहे. एका जुन्या स्टीलच्या पट्टीचा सरळ कडेचा, तीन फ्रेट झाकतील एवढाच तुकडा घ्यावा आणि तो पाच, सहा व सात या फ्रेटवर आडवा ठेवून पाहावा. तो डुलला तर मधला फ्रेट उंच आहे. अशा वेळी नखाने दाबून फ्रेट हलतो का पाहावे. हलत असेल तर तो पुन्हा खाचेत बसवणे हेच काम आहे, कानस लावण्याची गरज नाही.

झणझणाट पहिल्या पाच-सहा फ्रेटवर सर्वत्र असता तर मी नेककडे बोट दाखवले असते. ते तपासण्याची रीत अशी : तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट राहते ते पाहावे. साधारण ०.३ मिलिमीटर, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. फट नसेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतला, त्याचा बाक बदलणारा धातूचा गज) पाव फेराच सैल करावा आणि एक दिवस थांबावे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की लाकूड रोज थोडे हलत असते, म्हणून भर पावसात घाईने केलेली जुळवणी दिवाळीत पुन्हा करावी लागते.

मिरजेला न्यावी का? फ्रेटसाठी नको. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले आणि सरकते असतात, बेसचे फ्रेट खाचेत ठोकलेले असतात, आणि त्यांचा माथा पुन्हा गोल करण्याची कानस तिथे असेलच असे नाही. पण नट झिजला असेल आणि हाडाचा नवा नट कोरून हवा असेल, तर जुना नट नमुना म्हणून सोबत घेऊन अवश्य जावे. तारेखालच्या खाचेची खोली कानाने ठरवणारे हात इतक्या जवळ दुसरीकडे मिळणे कठीण आहे.

प्रश्न : ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या तळमजल्यातील बेस गिटार दोन दिवस पाण्यात होती. वडिलांची आठवण म्हणून ती तशीच ठेवली आहे. वाजती होईल का? (एक वाचक, शुक्रवार पेठ)

उत्तर : आपल्या वडिलांचे वाद्य आपण टाकून दिले नाही, हे फार चांगले केले. इलेक्ट्रिक बेसची बॉडी भरीव लाकडाची असते, त्यामुळे पोकळ वाद्यासारखी तिची शिवण उसवत नाही. आपल्या गिटारचा नेक स्क्रूने बसवलेला असेल, तर आशेला बराच वाव आहे.

प्रथम तारा काढू नयेत. त्या चढवलेल्याच ठेवून वर सांगितलेली व्हिजिटिंग कार्डाची परीक्षा करावी, कारण तार हीच सर्वांत सरळ पट्टी असते. नंतर नेककडे टोकाकडून एक डोळा मिटून पाहावे. नेक पुढे-मागे वाकला असेल तर ट्रस रॉडने सुधारेल, मात्र दोरी पिळल्यासारखा पिळला असेल तर नेक बदलावा लागेल. ट्रस रॉडची नटबोल्ट गंजून बसली असण्याची शक्यता मोठी आहे. तिला जोर लावू नये. गंज सोडवणाऱ्या तेलाचा एकच थेंब सुईने सोडावा आणि आठवडाभर वाट पाहावी.

पॉट आणि जॅक यांत गाळ शिरलेला असतो, ते सरळ नवे घालावेत. पिकअप (तारांच्या कंपाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा भाग) मात्र तपासल्याशिवाय बदलू नये. मल्टिमीटर २० किलोओहमवर ठेवून पिकअपच्या दोन तारांना लावावा. प्रिसिजन पद्धतीचा पिकअप दहा-अकरा किलोओहम आणि जॅझ पद्धतीचा सात-आठ किलोओहमच्या आसपास दाखवतो. काहीच आकडा आला नाही तर आतली तांब्याची तार तुटली आहे. उद्यमनगरात मोटार वाइंडिंग करणारे कसबी कारागीर आहेत, पण पिकअपची तार ४२ गेजची, म्हणजे केसाहून बारीक असते आणि तिचे हजारो वेढे घालायचे असतात. तसे यंत्र असलेल्या गिटार दुरुस्तीवाल्याकडेच ते काम द्यावे आणि मूळचे लोहचुंबक व कवच परत मागून घ्यावे.

प्रश्न : जुन्या हिंदी चित्रपटगीतांतील बेसचा गोल, मऊ आवाज मला हवा आहे. माझ्याकडे नवी, साधी बेस आहे. जुनी गिटार घेतल्याशिवाय तो येणार नाही असे सांगतात. (महाविद्यालयीन विद्यार्थी, उचगाव)

उत्तर : येईल, आणि त्यासाठी प्रथम तारा बदलाव्यात. आपल्या गिटारवर राउंडवाउंड तारा असतील, त्यांच्या गुंडाळीला कंगोरे असतात आणि त्यांतून चमक येते. साठच्या दशकाच्या मध्यानंतर त्या रुळल्या. त्याआधी बेसवर फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या गुळगुळीत तारा असत. अमेरिकेतील मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीच्या गाण्यांवर वाजवणारे जेम्स जेमरसन आपल्या १९६२ च्या प्रिसिजनवर अशाच तारा ठेवत आणि त्या तुटल्याशिवाय बदलत नसत. ब्रिजजवळ (घोडीजवळ) तारांखाली स्पंजची बोटभर रुंद पट्टी सरकवून पाहावी, स्वर लवकर मिटेल आणि गोलाई दिसू लागेल. टोनचे बटण निम्म्यावर आणावे आणि बोट ब्रिजकडे न मारता नेकच्या टोकाजवळ, नखाऐवजी मांसल भागाने लावावे.

राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवत असत. ती गाणी ऐकताना गाण्याच्या चालीकडे लक्ष न देता केवळ बेस गुणगुणण्याचा सराव करावा. कोणता स्वर कोठे सोडला आहे, हे तोंडाने म्हणता आले की बोटांना ते लवकर सापडते. जुनी गिटार नंतर कधी घ्यावीशी वाटलीच, तर १९७० आणि १९८० च्या दशकांतील मात्सुमोतो आणि हामामात्सु या शहरांतल्या कारखान्यांमध्ये बनलेल्या जपानी गिटारी आधी पाहाव्यात. त्यांची कारागिरी उत्तम आहे आणि किंमत अमेरिकन गिटारच्या तुलनेत पुष्कळ कमी असते. पाहायला जाताना खिशात एक फुली स्क्रू ड्रायव्हर आणि एक लहान बॅटरी ठेवावी.