प्रश्न तुमचे, पायपीट आमची : दोघं मित्र व्हिएतनामला निघालात तर

मागच्या अंकात मी आणि माझा दोस्त पाठीवर सॅक टाकून 22 दिवस व्हिएतनाममध्ये हिंडलो ते लिहिलं होतं, त्यावर एवढे प्रश्न आलेत की सगळ्यांना उत्तर द्यायचं तर वेगळा अंक काढावा लागेल. त्यामुळं सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत. ज्यांनी नुसतं "भाऊ फोटो पाठवा" लिहिलंय त्यांनी माफ करा, फोटो दोस्ताच्या मोबाईलमध्ये आहेत आणि तो पाठवतो पाठवतो म्हणत चार महिने झाले.

पलूसचे एक वाचक : आम्ही दोघं मित्र डिसेंबरमध्ये 15 दिवस जाणार आहे. यादी केली आहे: हनोई, सापा, हा लाँग, निन्ह बिन्ह, हुए, दा नांग, होई आन, न्या ट्रांग, दा लात, मुई ने, सायगाव, मेकाँग, फू क्वोक. बसतंय का बघा.

बसतंय की, पण तुम्ही फक्त बसमध्येच बसणार. 13 ठिकाणं आणि 15 दिवस, म्हणजे रोज सकाळी सॅक भरायची आणि रोज संध्याकाळी मोकळी करायची. हा देश नकाशात बारीक दिसतो म्हणून आपण फसतो, रुंदीला बारीक असला तरी लांबीला काय सांगू, हनोई ते सायगाव (म्हणजे आताचं हो ची मिन्ह सिटी) रेल्वेनं 1726 किलोमीटर आहे, म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षा लांब, आणि गाडी 30 तासांच्या वर घेते.

दुसरं म्हणजे डिसेंबर. तिथं एकाच वेळी तीन हवामानं असतात. वर हनोईकडं थंडी आणि धुकं, मध्ये हुए-होई आनला पाऊस अजून पुरता उघडलेला नसतो, आणि खाली दक्षिणेला कोरडं ऊन. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल जमलं तर तिन्हीकडं बरं असतं. फक्त टेट म्हणजे त्यांचं नवं वर्ष जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येतं, ते टाळा, आपल्या दिवाळीत एसटी मिळत नाही तशी गत असते आणि वर हॉटेलं बंद.

रजा डिसेंबरचीच असेल तर माझं ऐका, हनोई तीन दिवस, निन्ह बिन्ह दोन, तिथनं रात्रीच्या गाडीनं हुए, मग होई आनला चार दिवस गप पडून राहा, दा नांगवरून विमानानं सायगाव, तिथनं मेकाँग नदीच्या खोऱ्यातलं कॅन थो, आणि समुद्रात पोहायचंच असेल तर शेवटी फू क्वोक. दा नांगचा "मी खे" नावाचा बीच लय भारी आहे पण डिसेंबरात समुद्र खवळलेला असतो, लाल झेंडा लावलेला दिसला की आत जायचं नाही, वाळूत बसून नारळपाणी प्यायचं. शनिवार-रविवारी रात्री 9 वाजता तिथला ड्रॅगन पूल तोंडातनं आग काढतो ते मात्र बघा, जत्रेतल्यासारखी गर्दी असते.

आता तुम्ही पलूसचे म्हणजे कृष्णाकाठचे, म्हणून एक सांगतो. यादीतलं काय कापायचं ते कळत नसेल तर नदी धरा. आम्हाला पण आधी कळलं नव्हतं, निम्मा प्रवास झाल्यावर दोस्त म्हणाला, "च्यायला, आपल्याला आवडलेलं प्रत्येक गाव नदीवरचं हाय." निन्ह बिन्हजवळ ताम कोकला बायका होडी पायानं वल्हवतात, हात मोकळे, पाठ टेकवून बसायचं आणि दोन्ही तळपायांनी वल्ही मारायची, होडी भाताच्या शेतांमधनं तीन गुहांखालून जाते (ताम कोक म्हणजेच तीन गुहा). आमच्या होडीतली बाई माझ्या आईच्या वयाची असेल. मी म्हटलं मी मारतो जरा, पाच मिनिटांत पोटऱ्या भरून आल्या आणि होडी काठाच्या गवतात.

होई आनजवळ बांबूच्या गोल टोपलीसारख्या होड्या आहेत. दोस्तानं बघितल्या बघितल्या म्हटलं, ही तर आपली काहील! गुऱ्हाळातली काहील घेऊन लोक कृष्णा ओलांडायचे ना, तसंच, फक्त ही विणलेली आणि वरनं राळ फासून पाणी अडवलेली. आणि होई आनची नदी थू बोन, ती पावसाळ्यात गावात शिरते म्हणजे शिरतेच. जुन्या घरांच्या भिंतीवर कुठल्या साली पाणी कुठवर आलं त्याच्या खुणा करून ठेवल्यात, आणि माडीच्या जमिनीला एक चौकोनी झाकण असतं, पाणी चढायला लागलं की खालचा माल त्यातनं वर ओढून घ्यायचा. 2019 च्या महापुरात ज्यांनी सांगलीच्या आयर्विन पुलाचे फूट मोजत रात्री काढल्या त्यांना ती खूण बघून काय वाटतं ते मी वेगळं सांगायला नको. आम्ही दोघं त्या भिंतीपुढं बराच वेळ उभे होतो, बाकीचे टुरिस्ट फोटो काढून पुढं गेले.

कॅन थोचा काई रांग तरंगता बाजार बघायचा तर पहाटे 5 ला नदीवर पाहिजे, 8 ला गेलात तर उरलेलं बघाल. होडीवर उंच बांबू उभा करून त्याला विकायचा माल लटकवतात, अननस लटकला तर अननस, कोबी तर कोबी, बोर्ड वाचायची भानगडच नाही. रस्ते झाल्यापासून हा बाजार आटत चाललाय, व्हिडिओत दिसतात तेवढ्या होड्या आता नसतात, हे मनात धरून जा.

मिरजचे एक वाचक : मित्राबरोबर चाललोय. तो नोकरीला आहे, मी अजून शिकतोय. पैशावरून वाजू नये म्हणून काय करायचं? खर्च साधारण किती?

हा प्रश्न लाखाचा. आमचं वाजलं होतं, हुएमध्ये, आणि भर रस्त्यात.

झालं असं की 300 च्या आसपास डोंग म्हणजे आपला एक रुपया, त्यामुळं पाकिटात कायम लाखांच्या नोटा. आणि 20 हजाराची नोट निळसर, 5 लाखाची पण निळसर, दोन्हीवर त्यांचे राष्ट्रनेते हो ची मिन्ह यांचा तोच चेहरा. दोस्तानं संध्याकाळी अंधारात उसाच्या रसाला 20 हजाराऐवजी 5 लाख दिले आणि उरलेले मागितलेच नाहीत, म्हणजे 67 रुपयांच्या जागी 1700 च्या आसपास. रूमवर आल्यावर कळलं. परत गेलो तर गाडा नाही. मी तोंड सोडलं, तो म्हणाला माझे पैसे होते, मी म्हटलं तुझे कसले, कालचं हॉस्टेल मी भरलंय. मग काढली सगळी पोतडी, हनोईतली अंड्याची कॉफी कुणी भरली इथपासून. सकाळी तो न बोलता दा नांगच्या गाडीनं निघून गेला, आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा त्याच्या सॅकमध्ये होता, ते मला जास्त लागलं.

मी दोन दिवस एकटा हुए हिंडलो. तिथं 1802 ते 1945 न्गुयेन घराण्याची राजधानी होती, राजवाडा, हुआंग नदीच्या काठानं राजांच्या समाध्या, सगळं नीट बघितलं, आणि खरं सांगू, बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी होई आनला भेटलो तेव्हा त्यानं बान्ह मी म्हणजे तिथला लांब पाव घेऊन ठेवला होता, आत आपली चटणी भरलेली. कुणी सॉरी म्हटलं नाही.

त्यानंतर आम्ही भिशी केली. रोज सकाळी दोघांनी सारखे पैसे एका वेगळ्या पाकिटात टाकायचे, राहणं, बस, जेवण त्यातनं, आणि बियर, खरेदी, मसाज ज्याचं त्यानं. पाकीट एक दिवस त्याच्याकडं, एक दिवस माझ्याकडं. 5 लाखाच्या नोटा वेगळ्या खिशात. तुमच्या केसमध्ये भिशीची रक्कम तुम्ही ठरवायची, मित्रानं नाही, कारण ज्याच्याकडं कमी आहे त्याला परवडेल तेच दोघांना परवडलं पाहिजे, ज्याला एसी रूम पाहिजे त्यानं वरचा फरक भरावा. आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस ठरवून वेगवेगळं हिंडा, भांडायची वाट बघू नका.

खर्चाचा अंदाज सांगतो. आम्हाला हॉस्टेलचा एक बेड 500 ते 800 रुपयांत मिळत होता, फो म्हणजे तिथल्या नूडल सूपची वाटी 130 ते 200, बान्ह मी 100 च्या आतबाहेर. विमानाचं तिकीट सोडून दोन हजार रुपये रोज माणशी धरा, बोटी आणि आतली विमानं वेगळी.

कोरेगावच्या एक वाचक : मी शुद्ध शाकाहारी, मैत्रीण सगळं खाते. माझे हाल होतील का?

ताई, एक शब्द पाठ करा, "चाय". आपला चहा नाही, तिथं चाय म्हणजे शाकाहारी. पाटीवर "कॉम चाय" दिसलं की आत जायचं. ती बौद्ध लोकांची खानावळ असते, टोफू, मशरूम, भाज्या, भात, आणि पुष्कळ ठिकाणी कांदा-लसूण पण नसतो. त्यांच्या चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला बरेच लोक मांसाहार करत नाहीत, म्हणजे आपली अमावास्या-पौर्णिमाच जवळजवळ, त्या दिवशी अशा खानावळींना गर्दी.

साध्या हॉटेलात मात्र "नो मीट" म्हणून भागत नाही. मांस नाही घालणार, पण न्योक माम म्हणजे माशाचं आंबवलेलं पाणी घालणारच, त्यांच्या लेखी ते मीठ आहे. आणि फोचं पाणी हाडं उकळून केलेलं असतं, वरनं टोफू टाकला म्हणून ते शाकाहारी होत नाही. मैत्रिणीला चाय खानावळीत न्या, तिला आवडेल. तिच्या हॉटेलात तुम्ही जाऊन नुसता भात खाण्यापेक्षा हे बरं.

कराडचे एक वाचक : दोघं मिळून बाईक भाड्यानं घेऊन हाय व्हान घाट करायचाय. आरटीओतून इंटरनॅशनल लायसन्स काढलं की झालं ना?

नाही झालं. आपल्याकडं मिळतं ते 1949 च्या जिनिव्हा करारातलं, व्हिएतनाम चालवून घेतं ते 1968 च्या व्हिएन्ना करारातलं. भाड्यानं देणारा काही विचारत नाही, पासपोर्ट ठेवून चावी देतो, म्हणून लोकांना वाटतं चालतंय. पडल्यावर कळतं, कारण लायसन्स ग्राह्य नाही म्हटलं की इन्शुरन्सवाला हात वर करतो. आणि वाहतूक उजवीकडनं. कराड-चिपळूण कुंभार्ली घाट डोळे झाकून उतरवत असाल तरी तिथं डोकं उलटं चालवावं लागतं.

हाय व्हान हा हुए आणि दा नांगच्या मधला 21 किलोमीटरचा घाट आहे, खाली समुद्र. आम्ही तिथल्या बाईकवाल्याच्या मागं बसून गेलो, तो थांब म्हणेल तिथं थांबतो आणि सॅक पण बांधून घेतो. दुसरा पर्याय म्हणजे हुए ते दा नांग रेल्वे, साधारण तीन तास, समुद्राच्या बाजूची खिडकी पकडा, दा नांगकडं जाताना डावीकडची. स्वस्तात तोच नजारा.

साताऱ्याचे एक वाचक : हो ची मिन्ह यांच्या समाधीवर "शिवाजी महाराजांचा मावळा" असं लिहिलंय असं व्हॉट्सअॅपवर येतं. तुम्ही बघितलं का?

बघितलं, नाहीये. हनोईत बा दिन्ह चौकात ती इमारत आहे, आत त्यांचा देह काचेत जपून ठेवलाय (त्यांनी स्वतः दहन करा म्हणून लिहून ठेवलं होतं, ऐकलं नाही कुणी), बाहेर दर्शनी भागावर फक्त त्यांचं पद आणि नाव. हाफ पँटवर सोडत नाहीत, सोमवारी आणि शुक्रवारी बंद. 1958 च्या फेब्रुवारीत ते भारतात आले होते हे खरं, पण त्या मेसेजातली समाधी कुणीतरी घरी बसून बांधली आहे.

मी पण साताऱ्याचाच, मला पण ते खरं असावं असं वाटत होतं. पण गनिमी कावा ते महाराजांकडनं शिकले म्हणावं, तर त्यांच्याकडं त्यांचा स्वतःचा जुना आहे. 1288 मध्ये बाख डांग नदीत चान हुंग दाव या सेनापतीनं तळाला लोखंडी टोकाचे खांब रोवले, भरतीला मंगोलांची जहाजं आत घेतली, ओहोटी लागली तशी ती खांबांवर अडकली, मग तुटून पडले. महाराजांच्या जवळजवळ साडेतीनशे वर्षं आधी. महाराज मोठे आहेतच, त्यांना त्या फॉरवर्डची गरज नाही.

आपलं काहीतरी तिथं बघायचंच असेल तर होई आनपासून 40 किलोमीटरवर "मी सन" नावाचं ठिकाण आहे. चंपा या तिथल्या जुन्या हिंदू राज्याच्या राजांनी चौथ्या शतकापासून बांधलेली शंकराची देवळं, विटांची, डोंगराच्या कुशीत. 1969 मध्ये अमेरिकेच्या बॉम्बहल्ल्यात बरीच पडली. आपल्या पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी तिथं डागडुजीचं काम केलं आणि 2020 मध्ये त्यांना नवव्या शतकातलं एकसंध दगडाचं शिवलिंग सापडलं. साताऱ्याजवळच्या पाटेश्वरची लिंगं बघत मोठा झालेला माणूस तिथं गेला की त्याला गाईड लागत नाही, दोस्तानं तर लगेच चप्पल काढली.

वाईच्या एक वाचक : मुलगा मित्राबरोबर चाललाय. व्हिसा, फोन, काळजी कशाची घ्यावी? खायला काय द्यावं?

काकू, व्हिसा घरबसल्या होतो, तिथल्या सरकारी साईटवर, एकदा जाऊन यायचा 25 डॉलर, 90 दिवसांपर्यंत मिळतो. सरकारीसारख्या दिसणाऱ्या बऱ्याच साईट आहेत त्या जास्त पैसे घेतात, पत्ता नीट बघायला सांगा, आणि पासपोर्टवर नाव जसं आहे तस्संच भरायला. प्रिंट काढून द्या. मारामारी-लुटालुटीची भीती फारशी नाही, पण सायगावला बाईकवरनं येऊन हातातला मोबाईल ओढून नेतात, रस्त्याच्या कडेला उभं राहून फोनवर बोलायचं नाही. त्यांची वेळ आपल्या दीड तास पुढं, तुम्ही मालिका बघून साडेनऊला फोन लावाल तेव्हा तिथं अकरा वाजलेले असतात, उचलला नाही तर घाबरू नका.

शेंगदाण्याची चटणी द्या, कोरडी, तेल न सुटणारी. दोन डबे करा आणि दोघांच्या सॅकमध्ये एकेक ठेवा.