रेट वाढवला तरी बायका का सोडून जातात?

प्रश्न: ताई नमस्कार, वेंगुर्ल्याजवळ माझी काजूची छोटी फॅक्टरी आहे, सोलणीला सगळ्या आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका. मजुरी किलोवर. शिमग्यानंतर मी किलोचा रेट वाढवला, कॅमेरे पण बसवले, तरी चांगल्या हाताच्या दोघी-तिघी सोडून गेल्या आणि राहिल्यात त्यांची कुरकुर चालूच. एकीला विचारलं तर म्हणाली, "दादानू, लॉट कच्चो इलो तर आमी काय करतलव?" पैसे वाढवूनही असं का होतं?
– एक वाचक, वेंगुर्ला तालुका

उत्तर: दादा, त्या बाईने तुम्हाला खरं कारण सांगितलंय, ते रेटमध्ये नाहीये. ड्रायरमधून गर नीट सुकून आला की साल अंगठ्याने सरकते, कच्चा राहिला की चिकटते, मग सुरीने खरवडत बसायचं, त्यात गर फुटतो, अख्ख्याची पाकळी होते नाहीतर तुकडा, आणि किलो भरायला दुप्पट वेळ. म्हणजे चूक ड्रायरवर झाली आणि मजुरी हिची कापली गेली! रेट वाढवल्यावर तर हे जास्तच टोचणार, कारण आता प्रत्येक वाईट लॉटमागे बुडणारी रक्कम पण वाढली.

कामाच्या ताणाचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट कारासेक यांनी 1979 मध्ये हेच मांडलं, की नुसतं काम जास्त असल्याने माणूस तेवढा पिचत नाही, काम जास्त आणि ते कसं करायचं ह्यात स्वतःचं काहीच चालत नाही अशी जोडी जमली की पिचतो. तुमच्या सोलणीच्या टेबलावर ती जोडी बरोब्बर जमलीय.

दुसरी गोष्ट तुलनेची. मानसशास्त्रज्ञ जॉन स्टेसी ॲडम्स यांनी 1960 च्या दशकात समन्यायाचा सिद्धांत मांडला. माणूस आपल्याला किती मिळालं एवढंच बघत नाही, मी काय घातलं नि काय मिळालं, शेजारच्याने काय घातलं नि त्याला काय मिळालं, असा हिशोब मनात चालूच असतो. तुमचा ड्रायरवाला महिन्याच्या पगारावर असेल तर लॉट बिघडला तरी त्याचा पगार तोच, आणि समोर बसलेल्या बाईचा दिवस मात्र गेला. हा हिशोब जमेना की माणूस हात आखडता घेतो नाहीतर काम सोडतो.

मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांचं नाव ऐकलं असेल, 1959 चा त्यांचा अभ्यास, पिट्सबर्ग भागातले साधारण 200 इंजिनियर आणि अकाउंटंट. त्यांचं म्हणणं, पगार, देखरेख, जागा ह्या गोष्टी वाईट असल्या की माणूस नाराज होतो पण त्या सुधारल्या म्हणून कामात मन लागतंच असं नाही, त्याला कामाची कदर आणि जबाबदारी लागते. पण कृपा करून ह्यातून 'पैशाने काही होत नाही' असा अर्थ काढू नका, तो अभ्यास खुर्चीवरच्या लोकांचा होता, किलोवर पोट असलेल्यांचा नाही. किलोवर दिलं तरी दिवसाची कमाई किमान वेतनाच्या खाली जात नाही ना, हे आधी तपासा.

मग करा काय? टेबलावर लॉट आला की पहिल्या मूठभर गरांची साल काढून बघायची आणि चिकटत असेल तर लॉट परत ड्रायरला पाठवायचा, हा अधिकार बायकांना द्या, मनापासून सांगते. परत पाठवणं शक्य नसेल त्या दिवशी किलोवर नको, दिवसाची ठरलेली मजुरी द्या. आणि ड्रायरवाला नि सोलणीवाल्या एका टीमचे समजा. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये 1953 मध्ये संशोधक ए. के. राइस यांनी असंच काहीसं करून बघितलं होतं, एकेक सुटं काम करणाऱ्या विणकरांचे छोटे गट केले, मागांचा एकेक संच एकेका गटाच्या जबाबदारीवर दिला, तेव्हा उत्पादन वाढलं आणि खराब माल कमी झाला.

कॅमेऱ्याचं खालच्या उत्तरात येतंय, तेही वाचा.

प्रश्न: मॅडम, मी रत्नागिरीत सायकॉलॉजीला आहे. हॉथॉर्न इफेक्ट म्हणजे कोणी बघतंय म्हटलं की काम वाढतं, एवढंच ना?
– एक विद्यार्थिनी

उत्तर: एवढंच नाही गं. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात 1924 ते 1932 हे प्रयोग चालले, आणि उजेड कमी केला तरी काम वाढलं ही गोष्ट सगळीकडे सांगतात, पण 2011 मध्ये अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेविट आणि जॉन लिस्ट यांनी त्या उजेडाच्या प्रयोगाचे जुने आकडे पुन्हा तपासले तेव्हा गोष्टीत सांगतात तसा ठळक परिणाम त्यांना दिसला नाही. टेलिफोनचे रिले (विजेवर चालणारे छोटे स्विच) जोडणाऱ्या पाच जणींच्या खोलीत तर नुसतं निरीक्षण नव्हतंच, मधली सुट्टी दिली होती, बदलांबद्दल त्यांच्याशी बोलत होते, आणि बोनस मोठ्या खात्याऐवजी त्या छोट्या गटाच्या कामावर ठरत होता. शिवाय सहकार्य करत नाहीत, बोलत बसतात म्हणून 1928 मध्ये त्यातल्या दोघींना काढून दुसऱ्या दोघी आणल्या, हे बऱ्याच नोट्समध्ये नसतंच. तेव्हा कॅमेरा लावला की काम वाढतं असा निष्कर्ष ह्यातून निघत नाही. परीक्षेत व्याख्या लिही, पण तिच्याखाली ह्या बदललेल्या दोघींचं पण लिही.