कोणती पेनं ठेवायची?

किंमत बाजूला ठेव आणि आधी टोपण तपास. नाशिकच्या मे महिन्यात सगळी शाईपेनं भरून, टोपणं लावून आठवडाभर आडवी ठेव; टोपण सैल असेल तर शाई सुकते. नंतर जे पहिल्याच रेघेला उठतं, ते ठेवायचं. मग त्यानेच वहीची दोन पानं सलग लिही; नुसत्या सहीवरून काही कळत नाही. बोटं अवघडली, तर पेन कितीही देखणं असो, देऊन टाक.

ड्रॉपरने शाई भरायचं एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, एक तरी पेन राहू दे. फक्त शाई पाव भागावर आली की लगेच भर, नाहीतर हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि थेंब गळतो. १९४१ मध्ये बाजारात आलेल्या पार्कर ५१ची निब झाकलेली, म्हणून ती लवकर सुकत नाही. आजोबांचं असं पेन घरात असेल तर विकू नकोस रे. बाकीची देण्याआधी साध्या पाण्याने नितळ धू, गरम पाणी नको.