स्नो-पार्कचा मक्ता घ्यावा का?

प्रश्न : माझ्या दिराकडे पुढे प्लाऊ (बर्फ लोटणारं पातं) लावलेला पिकअप आहे. हिवाळ्यात तो ओळखीच्यांचे ड्राइव्हवे साफ करतो. कॅस्केड डोंगरातल्या एका स्नो-पार्कच्या (स्की, स्लेडिंगला येणाऱ्यांच्या सरकारी पार्किंगच्या) बर्फ काढण्याची निविदा निघाली आहे. पूर्ण हंगामाचा एकच आकडा भरायचा आहे. 'ड्राइव्हवेचाच हिशेब, फक्त मोठा,' असं तो म्हणतो. तुम्ही बांधकाम खात्यात होता म्हणून विचारते.
— एक वाचक, बेलव्ह्यू

उत्तर : ताई, दिराला म्हणावं, आकडा भरायची घाई नको. पन्नास गाड्यांची जागा ये-जा धरून साधारण १,५०० चौरस मीटर होते. तिच्यावर फूटभर बर्फ म्हणजे ४५० घनमीटर, आणि कॅस्केडचा ओला बर्फ म्हटला की पन्नासेक टन. तोही एका वादळाचा! पहिल्या खेपेला पिकअप तो कडेला लोटेल. जानेवारीत कडेचे ढीग दबून, गोठून भिंतीसारखे उभे राहतात, मग लोटायचं कुठे? तिथे लोडर किंवा लांब फेकणारा ब्लोअरच लागतो.

आता एकरकमी आकड्याचं. कॅस्केडमधल्या स्नोक्वाल्मी खिंडीत सरासरी हिवाळ्यात ४०० इंचांहून जास्त बर्फ पडतो. पण २०१४-१५ला डोंगरावर इतका कमी साठला की मे २०१५ मध्ये वॉशिंग्टन राज्यभर दुष्काळ जाहीर करावा लागला. तसं वर्ष आलं तर दीर घरबसल्या कमावेल. उलटं आलं तर पिकअप विकावा लागेल.

निविदा काढणाऱ्या खात्याला एकच आकडा का आवडतो, हे मी जाणतो. वॉशिंग्टनमध्ये स्की-स्नोशूवाल्यांच्या (बर्फावरून पायी फिरणाऱ्यांच्या) जागांचा खर्च पार्किंगच्या परमिटविक्रीतून, स्नोमोबाइलवाल्यांचा (बर्फावरच्या मोटारगाड्यांचा) त्यांच्या नोंदणी शुल्कातून निघतो. पैसा मोजका, म्हणून खर्च आधीच बांधून घ्यायचा. कोकणात मीही अशा निविदा काढल्या आहेत. मुरलेले कंत्राटदार पावसाची जोखीम गुपचूप दरात मिसळायचे, आणि नवखे मात्र बुडायचे.

म्हणून शंका विचारायच्या मुदतीत लेखी विचारा : यंत्राच्या तासावर पैसे मिळतील का? नाहीतर दर खेपेला, बर्फाच्या जाडीच्या टप्प्यांनुसार? किती इंच झाल्यावर निघायचं, ते इंच कोण आणि कुठे मोजणार, सकाळी किती वाजेपर्यंत जागा मोकळी हवी? रात्रभर उभ्या राहिलेल्या गाड्यांभोवतीचं काम कोणाचं? शौचालयापर्यंतची पायवाट कामात धरली आहे का? आणि हमखास विसरला जाणारा मुद्दा : हायवेचा प्लाऊ जाताना पार्किंगच्या तोंडाशी बर्फाचा जो बांध घालतो, तो कोणी फोडायचा? तुम्ही सगळं चकाचक करता, तासाभरात तो परत हजर!

मक्ता मिळालाच, तर पहिल्या बर्फाआधी अधिकाऱ्याबरोबर जागा फिरून कडेला उंच खुणेच्या काठ्या रोवाव्यात. कठडे, पाट्या, खांब यांचे तारखेसह फोटो काढावेत. एप्रिलमध्ये बर्फ वितळला की मोडलेला प्रत्येक कठडा प्लाऊवाल्याच्या नावावर जातो. घरच्या गाडीचा विमा अशा धंद्याला बहुधा चालत नाही, एजंटकडून लेखी घ्या.

आणि खातं एकरकमीवरच अडून बसलं, तर या वर्षी बोलीच लावू नये. लोडर असलेला कोणी मक्ता घेईल, त्याच्याकडे तासाच्या दराने पोटकंत्राट मागावं. डिझेलचं मात्र आधी ठरवून घ्या.