पहाटेच्या गारठ्यात सायकलने कामावर जायचं तर अंगावर काय घालावं?

तुम्ही विचारलंय की डिसेंबर-जानेवारीत पहाटे साडेपाचला निघून १२ किलोमीटर सायकलने कामावर जावं लागतं. बनियन, शर्ट, जाड स्वेटर, वर जर्किन एवढं घालूनही हात-कान गारठतात, पोचेपर्यंत आतून मात्र घामाने भिजायला होतं, आणि कामाच्या जागी थांबलं की खरी हुडहुडी भरते. वर गेल्या वर्षी अवकाळीने दोनदा गाठलं म्हणता. मी परभणीचा. वसमत रस्त्याला एका जिनिंगमध्ये कामाला आहे. कापसाचा हंगाम म्हणजे नेमके थंडीचे महिने, त्यामुळे तुमची पहाट माझ्या चांगली ओळखीची आहे.

आधी जे सांगतो ते पटायला जड जाईल, पण तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. तुम्ही जास्त कपडे घालताय. घरातून निघताना दारात उभं राहिल्यावर थोडी थंडी वाजलीच पाहिजे. पायडल मारताना शरीर जी ताकद खर्च करतं, तिचा जेमतेम चौथा हिस्सा चाकापर्यंत जातो, बाकी सगळ्याची उष्णता होते. दोन किलोमीटर गेलात की अंगातच शेकोटी पेटलेली असते. दारात उबदार वाटेल एवढे कपडे घातले की तिसऱ्या किलोमीटरला घाम सुटतो, बनियन भिजतं, आणि तुम्ही सायकलवरून उतरता तेव्हा ते ओलं कापड अंगाची सगळी ऊब ओढून घेतं. कामावर गेल्यावर भरणारी हुडहुडी ही हवेपेक्षा त्या बनियनची आहे.

म्हणून सुती बनियन सायकलवर घालू नका. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. त्याऐवजी आठवडी बाजारात खेळाचे पातळ पॉलिस्टरचे टी-शर्ट मिळतात, ते अंगाला लागून घाला. ते घाम साठवत नाहीत, लगेच वाळतात. सुती बनियन पिशवीत न्या, सोबत एक पंचा. पोचल्यावर चहाच्या आधी कोपऱ्यात जाऊन ओला टी-शर्ट काढायचा, पाठ-छाती पंचाने कोरडी करायची आणि कोरडं बनियन चढवायचं. अंग गरम आहे तोवरच हे उरकायचं. दहा मिनिटं गप्पांत गेली की कपडे काढायची हिंमत होत नाही आणि ओल्यातच दिवस निघतो.

टी-शर्टवर एक स्वेटर पुरे. खऱ्या लोकरीचा असेल तर उत्तमच, कारण लोकर ओलसर झाली तरी ऊब देते. आपल्याकडचे मेंढपाळ भर पावसात घोंगडीची खोळ घेऊन रानात उभे राहतात ते याच गुणावर. बाजारातले बहुतेक स्वेटर ॲक्रिलिकचे असतात, तेही चालतील. पण स्वेटर कुठलाही असो, त्याच्या विणीतून वारा आरपार जातो, आणि सायकलवर खरा त्रास वाऱ्याचाच आहे. हवा ८ अंशांवर असेल आणि तुम्ही ताशी २० किलोमीटरने जात असाल तर उघड्या कातडीला ती ५ अंशांसारखी लागते. समोरून वारा असेल तर आणखी खाली. म्हणजे ऊब वाढवत बसण्यापेक्षा पुढून वारा अडवणं हे पहिलं काम, आणि पाठीमागून वाफ जायला वाट ठेवणं हे दुसरं.

यासाठी पैसे लागत नाहीत. कालच्या पेपरचं एक मोठं पान घ्या, चार घड्या घाला आणि स्वेटर आणि टी-शर्टच्या मधे छातीवर सरकवा, खालचं टोक पँटच्या पट्ट्यात अडकवा. कागदातून वारा जात नाही आणि घड्यांच्या मधली हवा ऊब धरते. युरोपातल्या डोंगरी शर्यतींतले सायकलपटू घाटमाथ्यावर असाच पेपर छातीशी खोचून मग उताराला लागायचे. अंग तापलं की चालत्या सायकलवर एका हाताने पान ओढून काढता येतं, ही सोय कुठल्याच जाकिटात नाही. जर्किनच घालायचं असेल तर गावाकडे मोटारसायकलवाले घालतात तसं उलटं घाला, चेन पाठीकडे आणि उघडी. पुढून वारा बंद, मागून घाम मोकळा.

आता हात. तुमची बोटं बधिर होतात याचं कारण नुसती थंडी नाही. गारठ्यात शरीर रक्त पोटा-छातीकडे राखून ठेवतं, बोटांकडे कमी सोडतं. त्यात सायकलवर पाय चालतात, हात मात्र एका जागी घट्ट धरलेले, वाऱ्याच्या अगदी तोंडाशी, आणि लोखंडी हँडल बोटांतली ऊब शोषून घेतं. तर पहिल्यांदा हँडलवर काहीतरी गुंडाळा. मुठीचं रबर झिजलं असेल तर नवीन बसवून घ्या, ब्रेकच्या दांडीला जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा. मग हातमोजे. लोकरी मोज्यातून वारा घुसतो, म्हणून आत पातळ प्लॅस्टिकचे मोजे घाला, मेडिकलमध्ये किंवा केस रंगवायच्या डबीत मिळतात तसे. हाताला थोडा घाम येईल, पण बोटं हलतील. मोजे घट्ट नकोत, आत बोटं वाकवता आली पाहिजेत. आणि मनगट उघडं ठेवू नका. तिथे रक्तवाहिन्या कातडीच्या अगदी जवळ असतात. जुन्या पायमोज्याचा पंजा कापून उरलेली नळी मनगटावर चढवली की फरक त्याच दिवशी कळतो.

हा केवळ सुखाचा प्रश्न नाही. बधिर बोटांनी ब्रेक वेळेवर लागत नाही. आणि पोचल्यावर अशी बोटं लगेच शेकोटीवर धरू नका, बधिर कातडीला चटका कळत नाही. आधी काखेत धरा, मुंग्या येऊन गेल्या की मग शेका.

कानांना माकडटोपी किंवा टापर, दोन्ही ठीक. मी पातळ सुती रुमाल कानांवरून हनुवटीखाली बांधतो, कारण जाड टोपीने मागून येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकू येत नाही. हेल्मेट वापरत असाल तर पट्टा रुमालावर नीट बसतो का ते बघा. पायात चप्पल नको, बंद बूट हवेत, मोज्यांचा एकच जोड. दोन जोड कोंबले की बूट आवळतो, रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतात. फारच गारठा असेल तर मोज्यावरून फक्त बोटांकडच्या भागाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा. गुडघे मात्र कधीही उघडे ठेवू नका. तरुण पोरं अर्ध्या चड्डीत जातात, पण गार वाऱ्यात सांध्यांवर जोर देणं शहाणपणाचं नाही.

आपल्या भागाबद्दल थोडं सांगतो, कारण पुण्या-मुंबईकडच्या सल्ल्यात हे येत नाही. मराठवाड्यात गारठा कोरडा असतो. आभाळ निरभ्र, हवेत दमटपणा कमी, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब वर सोडून देते. म्हणूनच दुपारी २८-३० अंश आणि पहाटे ८-१० असं होतं. येळवशीपासून, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येपासून, संक्रांतीपर्यंत जोर सगळ्यात जास्त. परभणीच्या कृषी विद्यापीठात २०१८ च्या डिसेंबरअखेरीस पारा २ अंशांपर्यंत उतरला होता. आणि सगळ्यात गार वेळ मध्यरात्र नसते, सूर्योदयाच्या आगेमागे असते, म्हणजे तुम्ही नेमके रस्त्यावर असता तेव्हा. त्यामुळे निघताना अंगणात जे वाटतं त्यापेक्षा रस्ता गारच लागणार, हे धरून चाला.

शिवाय रस्ता सगळीकडे सारखा गार नसतो. गार हवा जड असते, ती रात्री उतारावरून वाहत जाऊन ओढ्या-नाल्यांत साचते. आमच्या रस्त्यावर राहटीच्या पुलाकडे उतरायला लागलं की पूर्णेच्या पात्राची हवा एकदम गुडघ्यांना, मग छातीला लागते. चढ चढून वर आलं की तीच हवा निम्मी सौम्य. जायकवाडीच्या कालव्याकाठी, रात्री पाणी दिलेल्या गव्हा-हरभऱ्याच्या रानाशेजारीही तसंच. तुमच्या वाटेवरच्या अशा जागा ओळखून ठेवा. जर्किन सरळ घातलं असेल तर उतार लागण्याआधी त्याची चेन वर ओढा, उतारावर पाय थांबवू नका, हलक्या गिअरवर फिरवत राहा. उतारावर आपण काम करत नाही आणि वारा मात्र दुप्पट लागतो, घामेजलेलं अंग तिथेच गार पडतं. गिअर बदलायची सोय नसलेली साधी सायकल असेल तर ब्रेक हलका धरून वेग कमी ठेवा.

पाण्याजवळ पहाटे धुकंही असतं, आणि नोव्हेंबर ते मार्च उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर. दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, ऊस बाजूला हातभर बाहेर आलेला. अंगावर पांढरं किंवा पिवळं काहीतरी असू द्या, मागच्या मडगार्डला लाल चमकपट्टी लावा, आणि धुक्यात ट्रॉलीच्या मागे वाऱ्याचा आडोसा म्हणून कधीही चालवू नका. फार मोह होतो, कारण तिथे खरंच वारा लागत नाही. पण ट्रॅक्टर खड्डा बघून थांबतो तेव्हा तुम्हाला कळायला काही मार्ग नसतो.

उपाशी निघू नका. अर्धी बाजरीची भाकरी आणि तिळाची चटणी, नाहीतर गूळ-शेंगदाणे मूठभर. घरातल्या कुणाला दमा किंवा हृदयाचा त्रास असेल आणि ते सायकलने जात असतील तर त्यांनी डॉक्टरांना विचारून, उन्हं वर आल्यावरच निघावं.

राहिला पाऊस. आपल्याकडे हिवाळ्यात तो रोजचा नाही, पण आला की अवकाळी येतो आणि गारांसकट येतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. आभाळ भरून आलेलं असेल तर त्या पहाटे गारठा कमी असतो, ढग जमिनीची ऊब अडवून धरतात, म्हणून त्या दिवशी स्वेटर काढून ठेवा आणि पावसाची तयारी घ्या. गारा सुरू झाल्या तर सायकल सोडून पक्क्या छताखाली जा. झाडाखाली नको, विजेचा धोका असतो.

साध्या पावसाला अंगाभोवती आवळणारा रेनकोट सायकलवर त्रासदायक ठरतो, आत घामानेच भिजायला होतं. त्यापेक्षा आपली खताच्या पोत्याची खोळ बरी. युरियाचं रिकामं पोतं आत-बाहेर स्वच्छ धुऊन घ्या, खालचा एक कोपरा दुसऱ्यात खोचला की डोक्यावर टोक येतं, पाठ आणि खांदे झाकले जातात, पुढून हवा खेळती राहते. खालची टोकं कमरेला सुतळीने बांधा, चाकात जाऊ देऊ नका. छातीला मेणकापडाचा तुकडा लावा.

वरून येणाऱ्या पाण्याइतकंच खालून उडणारं पाणी भिजवतं. पुढच्या मडगार्डच्या टोकाला रबराची पट्टी जमिनीपासून चार बोटांवर येईल अशी लावून घ्या, बूट निम्मे कोरडे राहतात. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा धरतो, त्यामुळे थांबायच्या बऱ्याच आधी एकदोनदा हलका दाबून पाणी पुसून घ्या. आणि पाऊस पडून गेल्यावर शिवारातली जवळची वाट धरू नका, लांब पडलं तरी डांबरीनेच जा. काळी माती टायर आणि मडगार्डच्या मधे अशी धरते की शंभर पावलांत चाक फिरायचं थांबतं. मग काडीने माती उकरत, सायकल खांद्यावर घेऊन चालावं लागतं, आणि तुम्ही घामाने, पावसाने, चिखलाने तिन्हींनी भिजता.

बूट भिजलेच तर चुलीजवळ ठेवू नका, तळाचा डिंक सुटतो. आत पेपरचे बोळे गच्च भरा, झोपायच्या आधी ते काढून नवे भरा. सकाळी थोडा ओलावा राहिला तरी कोरडा मोजा घालून जाता येतं.