स्ट्रॅटेजी गेममध्ये कॉम्प्युटर जमिनीवर बरा खेळतो, मग समुद्रात इतका येड्यासारखा का वागतो? आणि तो चीटिंग करतो का?

तुम्ही लिहिलंय की एम्पायर टोटल वॉरमध्ये मराठे घेऊन खेळताय, निम्मा हिंदुस्थान खिशात घातला तरी इंग्रज काही समुद्रावरून येत नाहीत, आले तर दोन-चार पलटणी उतरवतात आणि गायब. आणि सिव्हिलायझेशन फाइव्हमध्ये येतात पण सोबत एकही लढाऊ जहाज नसतं, आपण एक फ्रिगेट उभी करायची आणि टिपत बसायचं. दोन्ही गेम मी वर्षानुवर्षं खेळतोय आणि कामाने प्रोग्रॅमर आहे (गेमचा नाही, बिलिंग सॉफ्टवेअरचा, पण असो), त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

चीटिंग करतो, पण भलत्याच ठिकाणी, ते पुढे सांगतो. खरा घोळ हा आहे की समुद्रात धरून ठेवायला जागाच नसते. जमिनीवर कॉम्प्युटरला सगळं सोपं पडतं, शहर आहे, प्रांत आहे, खिंड आहे, पूल आहे, प्रत्येकाला एक आकडा चिकटवता येतो की हे मिळालं तर इतका महसूल, हे गेलं तर इतकं नुकसान, मग जिथे आकडा मोठा आणि समोर फौज कमी तिकडे चालून जा. एवढ्यावर तो बऱ्यापैकी हुशार दिसतो. समुद्रात तुम्ही मोठं आरमार घेऊन एका ठिकाणी उभे राहिलात आणि तिथून निघालात की मागे काय उरलं? पाणी. ना महसूल ना झेंडा. मग आकडा लावायचा कशाला? बरेच गेम तो जहाजांनाच लावतात, शत्रूकडे एवढी जहाजं, आपल्याकडे एवढी, कमी पडली तर अजून बांधा. म्हणून कॉम्प्युटरचं आरमार कागदावर तगडं असतं आणि प्रत्यक्षात रिकामं फिरत असतं.

आता फौज उतरवणं. आपल्याला ही एक चाल वाटते पण आतून बघितलं तर चार वेगवेगळी कामं एकाच वेळी जमावी लागतात. फौज बंदरात गोळा व्हायला हवी, तिला न्यायला जहाजं त्याच बंदरात हवीत, सोबतीला लढाऊ जहाजं हवीत, आणि पाच-सहा टर्नने (टर्न म्हणजे आपली खेळायची पाळी) तिकडे पोचेपर्यंत तो किनारा उतरण्यालायक राहिलेला हवा. कोडमध्ये ही कामं बहुतेक वेळा वेगवेगळे भाग सांभाळतात आणि दर टर्नला प्रत्येकजण आपापला हिशोब पहिल्यापासून मांडतो. म्हणजे होतं काय, तिसऱ्या टर्नला घरच्या सीमेवर कुणीतरी हल्ला केला की लढाऊ जहाजांना किंवा फौजेला नवीन हुकूम मिळतो आणि बाकीच्यांना त्याचा पत्ताच नसतो. भर समुद्रात जहाजं अचानक मागे फिरतात, परत पुढे येतात, परत मागे, हे तुम्ही पाहिलंच असेल. तो वेडा झालेला नसतो, दर टर्नला त्याचं मत बदललेलं असतं. यावर उपाय म्हणून एकदा ठरलं की बदलायचं नाही असं लिहिलं तर उलटा प्रॉब्लेम, तुम्ही उतरायच्या जागी दहा तोफा लावून बसलात तरी तो बिचारा ठरल्याप्रमाणे येऊन मरतो. दोन्हीच्या मधलं काहीतरी लिहिणं अवघड आहे आणि टर्न संपायला दोन मिनिटं लागली की लोक शिव्या घालतात, त्यामुळे विचार करायलाही वेळ कमीच दिलेला असतो.

एम्पायर 2009 च्या मार्चमध्ये आला तेव्हा तर कॉम्प्युटरला फौज जहाजातून नेताच येत नव्हती. 1700 सालापासून सुरू होणारा, इंग्लंड, हॉलंड, स्पेन असे देश असलेला गेम आणि इंग्लंड बेटावर बसून! नंतर त्याच वर्षी पॅचमधून (गेम दुरुस्त करणाऱ्या अपडेटमधून) सुधारलं, तुम्हाला दिसतात त्या दोन-चार पलटणी ही त्या पॅचची कृपा. सिव्ह फाइव्हचं (2010) कारण वेगळं आहे. सिव्ह फोरमध्ये अख्खी फौज एकाच चौकोनात मावायची, एका जहाजात तीन-चार युनिट्स, सगळं एका गठ्ठ्यात चालायचं, त्यामुळे कॉम्प्युटर त्यातल्या त्यात बरा उतरायचा. फाइव्हमध्ये एका घरात एकच लढाऊ युनिट हा नियम आला आणि पायदळ स्वतःच पाण्यात जायला लागलं. माणसासाठी मस्त नियम, कॉम्प्युटरची मात्र वाट लागली, कारण आता आठ युनिट्सच्या आठ वेगळ्या वाटा आणि प्रत्येकाच्या बाजूला राखणदार ठेवायचा तर सोळा जणांचं ट्रॅफिक.

पण मला विचाराल तर सगळ्यात मोठी उणीव ही नाहीच. कॉम्प्युटरला न लढणाऱ्या आरमाराची किंमत कळत नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीची टिरपिट्झ ही युद्धनौका नॉर्वेच्या खाडीत नुसती बसून असायची. जुलै 1942 मध्ये ती बाहेर पडतेय या नुसत्या धास्तीने ब्रिटिशांनी पीक्यू 17 या व्यापारी जहाजांच्या ताफ्याला पांगायचा हुकूम दिला आणि ताफ्यातली एकूण 24 व्यापारी जहाजं, बहुतेक सुटी पडल्यावर, जर्मन पाणबुड्या आणि विमानांनी बुडवली. टिरपिट्झने त्या ताफ्यावर एक गोळा झाडला नाही. आता हीच टिरपिट्झ गेममधल्या कॉम्प्युटरला द्या, तो म्हणणार हे महागडं जहाज बंदरात बसून खर्च खातंय, पाठवा बाहेर. गेलं आणि बुडालं.

आपल्याकडचं उदाहरण कान्होजी आंग्र्यांचं. मोठ्या इंग्रजी जहाजाशी तोफेला तोफ भिडवून लढायचं नाही, विजयदुर्गाच्या किंवा अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या आडोशाला राहायचं, वारा पडला की छोट्या गलबतांनी वल्ही मारत गुराबा (तोफांची जरा मोठी जहाजं) ओढून न्यायच्या आणि जहाजाच्या मागच्या बाजूने, जिथे त्याच्या तोफा कमी, तिथून डोलकाठ्या आणि शिडांवर मारा करायचा. जमलं तर ठीक, नाहीतर खाडीत परत, मोठं जहाज उथळ पाण्यात मागे येऊ शकत नाही. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले तरी घेता आला नाही. एम्पायरच्या लढाईत तुम्ही स्वतः हे बऱ्यापैकी करू शकता, साखळी गोळ्यांनी डोलकाठ्या पाडा आणि मग पिछाडीला जाऊन मारा. पण मी इंग्रज घेऊन कॉम्प्युटरला मराठे दिले तेव्हा त्यांनी काय केलं, तर छोटी जहाजं सरळ माझ्या मोठ्या जहाजांच्या तोफांसमोर आणून उभी केली. आंग्रे बघायला असते तर डोक्याला हात लावला असता.

याचा अर्थ कॉम्प्युटर आरमारात ढ असतो असं नाही हां. अवकाशातल्या आरमारांची एक स्पर्धा होती, ट्रॅव्हलर या कागदी गेमची, एक लाख कोटी क्रेडिटच्या बजेटमध्ये ताफा बांधायचा. 1981 मध्ये डग्लस लेनॅट या संशोधकाने त्याच्या युरिस्को नावाच्या प्रोग्रॅमला नियम शिकवून ताफा डिझाइन करायला लावला, स्वतः लेनॅट हा गेम आधी कधी खेळलेला नव्हता. प्रोग्रॅमने 96 जहाजांचा ताफा दिला, बहुतेक जहाजं जागेवरून हलत नाहीत अशी मंद, पण चिलखत जाड आणि शस्त्रं भरपूर. लोक हसले आणि हरले. पुढच्या वर्षी नियम बदलले तरी परत तोच जिंकला, या वेळी तर आपलीच जखमी जहाजं नष्ट करायची म्हणजे ताफ्याचा वेग टिकतो असली आयडिया काढून. मग आयोजक म्हणाले पुन्हा आलात तर स्पर्धाच बंद करू. पण नीट बघा, तिथे वारा नव्हता, खाडी नव्हती, कुणाला फसवून बंदरात कोंडायचं नव्हतं, सगळं बजेट आणि गणित. बॅटलशिप या दहा बाय दहाच्या कागदी खेळातही तेच, सगळ्यात छोटं जहाज दोन घरांचं असतं म्हणून बुद्धिबळाच्या पटासारखी एकाआड एक घरं मारली तरी चुकत नाही, हे कॉम्प्युटरला दोन ओळींत शिकवता येतं.

आता चीटिंग. सिव्ह फाइव्हमध्ये डेइटी ही सगळ्यात अवघड लेव्हल लावली की कॉम्प्युटरची अक्कल वाढत नाही, सुरुवातीला जादा युनिट्स आणि टेक्नॉलॉजी मिळते, बांधकाम स्वस्त होतं. म्हणजे मगाशी म्हटलं तसं, कागदावर जहाजं वाढली आणि बुडवायला तुम्हाला जास्त मिळाली. नकाशावरच्या धुक्याआडचं, म्हणजे त्याच्या युनिट्सच्या नजरेत नसलेलं, त्याला दिसतं का हा संशय असेल तर स्वतः चेक करा, गेम सेव्ह करा, एक जहाज त्याच्या नजरेच्या पार बाहेर हलवा, टर्न संपवा, त्याचे ताफे कुठे जातात ते लिहून ठेवा, मग परत लोड करून तेच जहाज उलट्या दिशेला न्या. ताफ्याची वाट बदलली तर त्याला दिसतंय. फक्त सेटिंगमध्ये नवीन रँडम सीड (लोड केल्यावर नशिबाचे आकडे नव्याने काढणं) बंद आहे ना बघा, नाहीतर नशिबाच्या फरकाला तुम्ही चीटिंग समजाल.

समुद्रात खरंच अक्कल असलेला विरोधक हवा असेल तर रूल द वेव्हज बघा, तिसरा भाग 2023 चा आहे. दिसायला एक्सेल शीटसारखा आहे हे आधीच सांगतो. त्यांनी मूळ दुखण्याला बरोबर हात घातलाय, नकाशाभर जहाजं हाकायचं काम कॉम्प्युटरला दिलंच नाही, गेम स्वतः लढाईचा प्रसंग तयार करतो आणि दोन्ही बाजूंना ती टाळायची मुभा असते, टाळली तर पॉइंट जातात. म्हणजे बंदरात बसण्यालाही एक आकडा मिळाला आणि कॉम्प्युटर तो आकडा वापरतो. अंगावर आलं की काढता पाय घेतो, आणि आपण संध्याकाळच्या उजेडात त्याच्या मागे लागलो की त्याच्या विनाशिका आपल्यावर टॉर्पेडो सोडून जातात. मराठे मात्र त्यात नाहीत, त्यासाठी एम्पायरच, आणि तिथे मी स्वतःपुरता एक नियम ठेवलाय की मोठी जहाजं बांधायचीच नाहीत, सगळं लहान जहाजांवर भागवायचं. इंग्रज तरीही फारसे उतरणार नाहीत, पण व्यापाराच्या जागांवरून तुमची जहाजं हाकलतील तेव्हा जरा घाम फुटतो.